अंगणातल्या नोंदी

"सोडा मले, ताई! तो लेकराले मारून राह्यला!"

लहानूभाऊंनी दगड उचलला होता आणि मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. समोर वीस-बावीस पावलांवर, अर्जुनाच्या झाडाखाली, वानरांच्या टोळीतला नवा हुप्प्या, म्हणजे म्होरक्या नर, एका मादीच्या अंगावर धावून गेला होता. मादीच्या पोटाला दहा-बारा दिवसांचं काळं पिल्लू चिकटलेलं. दोन म्हाताऱ्या माद्या मध्ये पडल्या, किंचाळल्या, पण त्या दांडगटापुढे त्यांचं काय चालणार! त्यानं पिल्लाच्या मांडीला चावा घेतला आणि ते ओढून काढलं.

"नाही, भाऊ. आपण मध्ये पडायचं नाही."

"अवो, लेकरू हाय ना ते!"

त्यांनी हात हिसडून दगड मारलाच. तो हुप्प्याच्या पाठीवर बसला आणि हुप्प्या झाडावर पळाला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मादीनं पिल्लू उचलून छातीशी धरलं. त्याची मान लोंबत होती. लहानूभाऊ तिथेच पाचोळ्यात बसले आणि दुपट्ट्यात तोंड खुपसून रडायला लागले.

मी घड्याळ पाहिलं. वहीत लिहिलं: हल्ला, आठ वाजून एकोणीस मिनिटं. पिल्लू मृत, आठ सव्वीस. सहाय्यकानं दगड मारल्यामुळे नोंद खंडित. आणि मग मी लहानूभाऊंना झापलं. होय, झापलं. एक बाप्या माणूस वानराच्या पिल्लासाठी रडतो आहे आणि मी त्याला सांगते आहे की तुमच्यामुळे माझी सकाळ वाया गेली. चौदा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

बेलझरी हे चंद्रपूरकडच्या जंगलाला लागून असलेलं ऐंशी-नव्वद घरांचं गाव. वानरांच्या एका टोळीवर पीएच.डी. करायला मी पुण्याहून तिथे जाऊन राहिले होते. लहानू मडावी हे माझे वाटाडे, सहाय्यक आणि घरमालकही. त्यांच्या अंगणाच्या पलीकडच्या कडेची खोली त्यांनी मला दिली होती. पस्तिशीचा काटक माणूस. एरवी शब्दाला महाग, पण माझी टिंगल करायची असली की त्यांच्या तोंडाला कुलूप नसे. ओढ्यात मी घसरले की हात द्यायचे आणि म्हणायचे, "पुण्यात समदं सपाटच असते वाटते, ताई."

घरात त्यांची बायको वनिता आणि वनिताची तीन वर्षांची मुलगी रोशनी. रोशनी त्यांची नव्हे. वनिताचा पहिला नवरा, खैरबोडीच्या डोमाजी कुमऱ्यांचा एकुलता एक मुलगा, मोटरसायकलवरून जाताना ट्रकखाली सापडला होता. पुढे डोमाजींनीच सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं आणि नातीलाही तिच्याबरोबर पाठवलं. वनिताला आता लहानूभाऊंपासून सहावा महिना होता.

मला माझ्या शिरोडकर सरांनी एक पद्धत शिकवली होती. एक प्राणी निवडायचा, दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे पाहायचं आणि तो करील ते सगळं वेळेसकट लिहायचं. 'घाबरली' असं लिहायचं नाही, 'पळाली' असं लिहायचं. 'प्रेमानं' हा शब्द तर वहीत दिसलाच नाही पाहिजे. दहा मिनिटं संपली की वही मिटायची. या शिस्तीचा मला कोण अभिमान होता!

त्या दिवशी परतताना मी लहानूभाऊंची समजूत घालायला गेले, म्हणजे माझ्या पद्धतीनं.

"भाऊ, तो हुप्प्या दुष्ट नाही हो. टोळीत नवा हुप्प्या आला की आधीच्याची अंगावर पिणारी पिल्लं तो मारतो. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. मग होणारी पिल्लं याची. एवढंच."

वाटेतला ओढा ओलांडून ते थांबले. मग म्हणाले, "माणसात बी असंच रायते का, ताई?"

"माणूस तरी काय, प्राणीच की."

"आन् दुसऱ्याचं लेकरू आपलं म्हननारा हुप्प्या? तो नसते का कुठं?"

"मी तरी अजून पाहिलेला नाही."

ते पुढे चालायला लागले. त्यांच्या घरात दुसऱ्याचं लेकरू आहे, हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते दोन दिवसांनी, आणि भलत्याच रीतीनं.

डिसेंबर लागला होता, थंडी मी म्हणत होती. सकाळी मी खोलीच्या दारात दात घासत उभी होते. अंगणातल्या चुलीपाशी लहानूभाऊ रोशनीला गुडघ्यांत घट्ट धरून बसले होते. त्यांनी दोन बोटांनी तिचं नाक दाबलं आणि तोंड उघडल्याबरोबर गिलासातलं पाणी आत ओतलं. पोर ठसकली, किंचाळली. त्यांनी पुन्हा नाक दाबलं. गिलास संपल्यावर तिची दोन्ही मनगटं धरून हात वाफाळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवले. ती पाय झाडत होती. तिचे हात मला लांबूनही दिसले. सुजून टम्म झालेले, बोटं मिटत नव्हती. वनिता पाठमोरी बसून चुलीत फुंकर घालत होती. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी विहिरीवर मी वनिताला गाठलं. "रोशनीच्या हातांना काय झालं गं?"

तिनं आधी घराकडे पाहिलं. "पडली जी."

"दोन्ही हातांवर?"

"हाव. दोनी हातावर." आणि बादली उचलून ती चालती झाली.

हे उत्तर कुणालाही खोटं वाटलं असतं, आणि ते खोटंच होतं. ते कशासाठी खोटं आहे, हे मात्र मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अर्जुनाच्या झाडाखालचा तो हुप्प्या अजून माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. नवा नर, आधीच्याचं पिल्लू, पोटात स्वतःचं. सगळं कसं पुस्तकात दिल्यासारखं जुळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणातही नोंदी घ्यायला लागले. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, खोलीच्या खिडकीतून. नऊ दिवस. त्या नोंदी मला आजही पाठ आहेत.

सकाळी सात दहा. लहानूनं रोशनीचं नाक दाबून पाणी ओतलं. रोशनी किंचाळली. सात चौदा. पुन्हा पाणी. रोशनी रडली. संध्याकाळी सहा पाच. लहानूनं रोशनीला उचललं. रोशनी किंचाळली. सहा सात. हात गरम पाण्यात, मनगटं धरून. वनिता पाठमोरी.

'मारलं' असं मी कुठेही लिहिलं नाही, कारण मारताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. जे दिसलं तेच लिहिलं. जे दहा मिनिटांच्या बाहेर दिसलं ते लिहिलं नाही. वनिताला जड झाल्यापासून भाकरी तेच थापायचे आणि पहिली गरम भाकरी माझ्या ताटात पडायची. दुपारी ते रोशनीला खांद्यावर घेऊन बोराच्या झाडाखाली उभे राहायचे आणि ती त्यांचे केस धरून पोपटांना हाका मारायची. हे मी रोज पाहत होते. पण तेव्हा माझी वही मिटलेली असे.

मंगळवार हा बेलझरीच्या बाजाराचा दिवस. त्या मंगळवारी डोमाजी कुमरे नातीला भेटायला आले. सत्तरीचा सरळ ताठ म्हातारा, धुतलेलं धोतर, फडक्यात बांधून आणलेले मुरमुऱ्याचे लाडू. लहानूभाऊ बाजारात गेले होते. रोशनी "आबा!" करत धावली. म्हाताऱ्यानं कौतुकानं तिला दोन्ही हातांना धरून वर उचललं आणि ती अशी काही किंचाळली की शेजारची बाई कुडापाशी येऊन उभी राहिली. डोमाजींनी तिला खाली ठेवलं, तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. वनिता म्हणाली, "पडली, आबाजी." म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या खोलीकडे पाहिलं, आणि सरळ माझ्या दारात आला.

"ताई, तुमी शिकल्या-सवरल्या. इथंच रायता. खरं सांगा मले. माही पोट्टी सुखात हाय ना?"

"आत या, बाबा," मी म्हणाले.

त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तारीख, वेळ, काय केलं. ते भिंतीला टेकून, हात जोडल्यासारखे मांडीत धरून ऐकत होते. तिसऱ्या दिवसाच्या नोंदीवर ते म्हणाले, "थांबा." मी थांबले. बाहेर रोशनी लाडू खात होती, तिचा आवाज येत होता.

"पुढं वाचा," ते म्हणाले.

सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "हे मले लिहून द्या. खाली सही करा. पोट्टीले घरी नेतो म्हनलं तं माह्या शब्दाले पंच मानत नाई, कागदाले मानते. एकच तं निशानी हाय माह्या पोराची."

मी चार पानं स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. आणि शेवटी, त्यांनी मागितली नव्हती ती एक ओळ आपल्या मनानं घातली: वरील नोंदींवरून मुलीला सावत्र वडिलांपासून धोका असण्याची शक्यता दिसते. खाली सही, पूर्ण नाव, विद्यापीठाचं नाव. नऊ दिवसांत तेवढी एकच गोष्ट मी न पाहता लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी मला पुण्याला जायचं होतं, वर्षभराच्या कामाची माहिती विभागापुढे मांडायला. लहानूभाऊंनी माझी बॅग गाडीच्या टपावर चढवली आणि म्हणाले, "लवकर या, ताई. वांदरं इचारतीन, कुठं गेली म्हून." मी हसलेसुद्धा. जंगलात मध्ये पडायचं नाही, हा नियम मी पाळला होता. इथे मात्र मध्ये पडून एका लेकराला वाचवलं होतं. त्या रात्रीच्या गाडीत मला गाढ झोप लागली.

पुण्यात सगळं छान झालं. पिल्लू मारल्याची नोंद सगळ्यांना फार आवडली. नंतर शिरोडकर सरांबरोबर चहा पिताना मी त्यांना अंगणातल्या नोंदींबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं, ते शाबासकी देतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"तू त्याला विचारलंस?"

"बायकोला विचारलं, सर. ती खोटं बोलली."

"त्याला?"

"नाही. विचारून काय उपयोग? तुम्हीच तर म्हणता ना, सांगितलेलं नको, पाहिलेलं लिहा."

"अगं, वानराला विचारता येत नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं झाडाखाली बसून पाहत राहतो. येत असतं तर पहिल्याच दिवशी विचारलं नसतं का?"

मी वाद घातला. पोराचा जीव धोक्यात असताना विचारत कसलं बसायचं, असं काहीबाही बोलले.  सर "लवकर परत जा" एवढंच म्हणाले. तरी मी आणखी आठ दिवस घरी राहिले. आईच्या हातचं जेवले, मैत्रिणींना भेटले.

बाराव्या दिवशी मी बेलझरीच्या फाट्यावर उतरले. लहानूभाऊ नेहमीसारखे उभे होते. त्यांनी माझी बॅग घेतली.

"घरी कसं आहे, भाऊ?"

"ठीक."

"रोशनी?"

"आजाकडं हाय."

ते पुढे, मी मागे. मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली. घरी वनितानं माझ्यापुढे ताट आदळलं आणि आत निघून गेली. तिचा राग मला समजत होता, आणि तोही मी माझ्या हिशेबात बरोबर बसवला. आई नव्या नराच्या बाजूनं झाली आहे, असा.

सकाळी मी दुर्बीण गळ्यात अडकवून तयार झाले तर लहानूभाऊ माझ्या दारात उभे. हातात एक प्लास्टिकची पिशवी.

"आज वांदराकडं नोका जाऊ, ताई. एक काम हाय."

पिशवीतून त्यांनी लाल रंगाचं एक कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं काढली. "हे वाचा."

कार्डावर रोशनीचं नाव होतं, सरकारी दवाखान्याचा शिक्का होता आणि आजाराचं नाव होतं: सिकलसेल. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

मी प्राणिशास्त्र शिकलेली मुलगी. कोयत्यासारख्या वाकड्या झालेल्या त्या रक्तपेशींची आकृती मी बारावीच्या पेपरात काढली होती आणि मला तिचे पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. या आजारात लहान पोरांचे हातपाय सुजतात, नुसता हात लावला तरी जीव जातो इतके दुखतात, थंडीत जास्तच. हे मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.

"डॉक्टरीनबाई बोलली होती, पानी लई पाजा," लहानूभाऊ सांगत होते. "ते पोट्टी पीतच नाई. नाक दाबलं का तोंड उघडते. हात दुखले का कोमट पान्यात ठेवाचे. वनिताले पाहवत नाई, ते तोंड फिरवून बसते. मंग मीच करतो."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"वनिता म्हने, कोनाले सांगू नोका. लोकं म्हनतीन इच्या रक्तातून आलं. पोटातल्याले बी नावं ठेवतीन. मी तिले शब्द देल्ला होता जी."

"आणि पंचांपुढे?"

"तितं सांगितलं ना. कार्ड दाखवलं. पंच बोलले, इतके दिस काऊन लपवलं मंग? पुन्याची ताई सही करून देऊन राह्यली, ते कायले खोटं लिहीन? आन् पोट्टी आजाले देऊन टाकली."

"मी खोटं नाही लिहिलं, भाऊ." त्या घटकेला मला हेच सुचलं. आज सांगतानाही लाज वाटते.

"नाई जी. खोटं कुठं हाय. मास्तरनं एकएक वाचलं आन् मी एकएकाले हाव म्हनलं. नाक दाबलं? हाव. हात धरले? हाव." त्यांनी कार्ड परत पिशवीत ठेवलं. "आता तुमी दुसरा कागद लिहून द्या. का पोट्टीले पानी पाजत जा, थंडी लागू देऊ नोका, गोळी रोज द्या, ताप आला का दवाखान्यात न्या. खाली तशीच सही करा. मी दोन डाव सांगून आलो. आमचं नाई मानत डोमाजी. तुमचं मानते."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. त्यांना खरोखरच माझ्याकडून एक कागद हवा होता.

"कागद नको," मी म्हणाले. "मी येते. आत्ता."

शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन आम्ही निघालो. खैरबोडी चौदा किलोमीटर. वाटभर मी काय बोलायचं ते जुळवत होते. डोमाजींच्या अंगणात चार-पाच बाया बसलेल्या दिसल्या आणि जुळवलेलं सगळं विसरून गेले.

रोशनी आतल्या खाटेवर होती. अंगावर दोन गोधड्या, ओठ फुटलेले, डोळ्यांत पिवळेपणा. श्वास इतका घाईचा की गोधडी हलताना दिसत होती. डोमाजी उशाशी बसले होते. मला पाहून ते उठले, अगदी आदरानं.

"या ताई. बरं झालं आल्या. पोट्टीले कालपासून ताप हाय. हात सुजले होते, आता पाय बी सुजले."

"गोळ्या? पाणी?"

"समदं बंद केलं जी. गोळ्या बी बंद, पानी बी बंद. घोटभर देतो फकस्त. चार दिस झाले." माझा चेहरा पाहून ते गोंधळले. "तुमीच तं लिहिलं होतं, ताई. पानी पाजलं का पोट्टी किंचाळते. नऊ दिस तसंच लिहिलं होतं. मी मास्तरकडून तीन डाव वाचून घेतलं. मी म्हनलं, पान्यातच काई असन."

 माझ्या नोंदींचा अर्थ त्यांनी लावला होता, माझ्यापेक्षा काही वाईट रीतीनं नव्हे.

लहानूभाऊ तोवर खाटेपाशी पोचले होते. डोमाजींच्या बायकोनं त्यांना अडवायला हात पुढे केला. म्हाताऱ्यानं तिला मागे घेतलं. लहानूभाऊंनी गोधडीसकट पोरीला उचललं आणि बाहेर आले. गावात एक जीप होती, तीत आम्ही बसलो. लहानूभाऊ, त्यांच्या मांडीवर रोशनी, शेजारी मी, पुढे डोमाजी.

शहर तासाभराच्या वाटेवर होतं. माझ्याजवळच्या बाटलीतलं पाणी लहानूभाऊंनी बुचात घेतलं, दोन बोटांनी तिचं नाक दाबलं आणि तोंडात बुचभर पाणी सोडलं. ते ओठाच्या कडेनं गळून गेलं. त्यांनी पुन्हा नाक दाबलं. मी एका हातानं तिचं डोकं धरलं होतं. ती किंचाळली नाही, हलली नाही.

"रड ना वो माय," ते म्हणत होते. "रड ना. रड."

रस्ताभर ते तेच म्हणत राहिले. पुढे बसलेले डोमाजी मागे वळून पाहत होते, मग समोर पाहत होते, मग पुन्हा मागे.

दवाखान्यात डॉक्टरांनी धावपळ केली. सलाइन लावलं, रक्ताची बाटली मागवली, ऑक्सिजन लावला. एक तरुण डॉक्टरीण माझ्यावर चिडून ओरडली, "चार दिवस पाणी नाही? शिकलेल्या दिसता तुम्ही! कळत नाही?" मी मान खाली घातली. दुपारी तीनच्या सुमारास तीच बाहेर आली. या वेळी ओरडली नाही.

डोमाजी व्हरांड्यात भिंतीला धरून खाली बसले. त्यांचे हात मांडीत होते, माझ्या खोलीत ऐकताना होते तसेच. लहानूभाऊ खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेले. 

"भाऊ, मला काहीतरी बोला. शिव्या द्या. मारा. मी मारलं तिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख लागायला वेळ लागावा तसं.

"ते मंग," ते म्हणाले. "आदी वनिताले कसं सांगाचं ते सांगा. तिचा सातवा लागला हाय."

ते मला सांगता आलं नाही. आजही कॉलेजात मुलं मला वानरांवरून माणसांबद्दल काही ना काही विचारतात, आणि उत्तरं देताना मी फार सावकाश बोलते. 

थोड्या वेळानं एक नर्स फॉर्म घेऊन आली. "पेशंटबरोबर कोण आहे? लिहिता येणारं कुणी आहे का?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म घेतला. नर्सनं पेन दिलं आणि शेजारी उभी राहिली.

"मुलीचं नाव?"

मी लिहिलं.

"वडिलांचं नाव?"

मी डोमाजींकडे पाहिलं. त्यांच्या मुलाचं नाव मला माहीत होतं. कायद्यानं तिथे तेच यायला हवं होतं. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.

"लहानू," ते म्हणाले. "लहानू मडावी लिहा, ताई."

खांबापाशी लहानूभाऊ खाली बसले. दुपट्टा तोंडात कोंबून, आवाज न करता ते रडत होते आणि त्यांची पाठ हलत होती. मी नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. नर्स थांबली होती, तिलाही पुढची कामं होती.

"वय किती होतं?"

मला माहीत नव्हतं. तीन-साडेतीन असेल, एवढाच माझा अंदाज. मी काही बोलायच्या आधी खांबापासून आवाज आला.

"तीन वर्सं, दोन महिने, सोळा दिस."

"नुसतं तीन लिहा," नर्स म्हणाली.

मी तीन लिहिलं.